हापसा

नोबिरन बेवाने भाडं आधी ठरवलं, रड नंतर.
तीन खेपा. पहिलीत पत्रे नि कुडाच्या ताट्या,
दुसरीत गाय, तिसरीत माणसं.
मी म्हटलं, माणसं शेवटी?
म्हणाली, माणसं पोहतात.

मी भुटभुटीतून घरं नेतो.
मासे नेताना वजन सांगता येतं, घराचं नाही.
कधी सोळा पत्र्यांचं घर होडीला कळतही नाही,
कधी एका पेटीनेच होडी कलते:
आत कागद असतात,
तीन पिशव्यांत, एकीत एक,
सगळ्यात आत सासऱ्याच्या नावाची पावती,
शाई पसरून ढगासारखी झालेली.

गावाचं नाव पातिलमारी. ही चौथी.
आधीच्या तिन्ही ब्रह्मपुत्रेच्या पोटात, एकावर एक असतील
किंवा शेजारी शेजारी, कोण बघायला गेलंय.
गाव बुडतं. नाव मात्र दरवेळी
पोहत पुढच्या वाळूवर चढतं, अंग झटकतं.

सगळं भरून झालं.
कड आठ हातांवर आली होती,
तेव्हा ती हापशापाशी जाऊन उभी राहिली.
हा पण.
चाची, सत्तर फूट खाली गेलाय तो.
मग सत्तर फूट वर काढ.

नात मोर्जिनाने दांडा सोडवला.
मी नि शाहाबुल साखळी बांधून ओढत राहिलो.
एक पाइप आला. दुसरा.
दरवेळी आतलं गार पाणी पायांवर सांडायचं,
चहूकडे एवढं गढूळ, आणि हे इतकं नितळ
की मोर्जिना ओंजळ धरून पीतच राहिली.
मागे कड धप्पकन कोसळायची.
केळीचं एक झाड उभंच्या उभं गेलं,
कुणी हाक मारल्यावर उठून जावं तसं.

तिसरा आला. खालचा, जाळीचा, नाही आला.
साखळी तुटली. शाहाबुल शिव्या देत बसला,
साखळीला की नदीला, कळेना.
राहू दे, ती म्हणाली. कुणीतरी राहायला हवं.

काठी मारल्याने पाणी तुटत नाही म्हणतात.
इथे मारलीय.
दिवसा दिसत नाही. रात्री या चौकीचा झोत
आणि त्या चौकीचा झोत
माझ्या होडीवर येऊन एकमेकांना ओलांडतात.
दोन्हीकडून एकच आरोळी: कोण?
मी ओरडतो, घर आहे!

आमची वाळू मात्र बिनदिक्कत जाते.
दोन वळणं खाली, त्यांच्या देशात,
नवा चर होऊन वर येते.
त्यावर कास फुलतो,
कुणाची तरी म्हैस बसते रवंथ करत.

बांधावर पोचलो तर
आधीच्यांनी विटा मांडून जागा धरलेल्या.
आले बघा हे लोक, एक बाई पुटपुटली.
तिला मागच्या भादव्यात मीच आणलं होतं.
पैसे अजून यायचेत.

केरळातून, प्लायवूडच्या कारखान्यातून,
अबू सामाचा फोन: आई, पोचलात?
कुठे आहात?
पाठीमागे करवत किंचाळत होती.
नोबिरनने बांधाकडे पाहिलं, ओल्या चुलीकडे पाहिलं,
नि म्हणाली, पातिलमारीला.

पुढे कचेरीत साहेबाने राहण्याचा पुरावा मागितला.
पावती त्याने उजेडापुढे धरली, ढग पाहिला, परत दिली.
ती म्हणाली, सत्तर फुटांवर माझा जाळीचा पाइप आहे.
मला निघाला नाही.
तुमच्याकडे माणसं आहेत, काढून आणा.
साहेब हसला नाही. पुढची तारीख दिली.

तीन पाइप अजून बांधावर पडलेत.
रोवायचे कुठे, ठरत नाही;
रोवले की परत उपटायचे.
मोर्जिना एकाच्या तोंडाशी ओठ लावून
स्वतःचं नाव ओरडते.
दुसऱ्या टोकाला बांधलेली गाय
कान हलवते, आणि चरत राहते.